मुरलेल्या पांढऱ्या वाइनची चव-परीक्षा : बर्गंडीच्या दोन बाटल्या आणि सांगलीचा बेदाणा

प्रास्ताविक

सांगली जिल्ह्यातील तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या तालुक्यांत आणि सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागातील काही गावांत द्राक्षबाग हा शेतीचा मुख्य आधार आहे. येथील द्राक्ष प्रामुख्याने खाण्यासाठी व बेदाण्यासाठी पिकविले जाते. महाराष्ट्र शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले आणि त्यानुसार नाशिक जिल्ह्यात विंचूर व सांगली जिल्ह्यात पलूस अशा दोन ठिकाणी वाइन पार्कची योजना आखली. त्यामुळे कृष्णाकाठच्या शेतकऱ्यासमोर वाइनचे द्राक्ष हा तिसरा पर्याय प्रथमच गांभीर्याने आला. या पर्यायाचे पुढे काय झाले याची अर्थशास्त्रीय चर्चा अनेकांनी केली आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. वाइनची प्रत कशी ठरवितात, आणि त्यातही अनेक वर्षे मुरलेल्या पांढऱ्या वाइनची परीक्षा कशी करतात, हे येथे स्पष्ट करावयाचे आहे. त्यासाठी फ्रान्समधील बर्गंडी प्रांताच्या पांढऱ्या वाइनचे उदाहरण घेतले आहे, कारण पांढऱ्या वाइनच्या मुरण्याविषयीची जगातील बरीचशी चर्चा याच वाइनभोवती फिरते.

एक खुलासा प्रारंभीच केलेला बरा. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा या लेखाचा हेतू नाही. प्रस्तुत लेखकाचे घर साताऱ्याचे, माळकरी परंपरेतले. घरात वाइनची बाटली कधी आली नव्हती. मात्र ज्या पिकावर आपल्या विद्यार्थ्यांच्या कुटुंबांचा संसार चालतो, त्या पिकाच्या एका महत्त्वाच्या उत्पादनाची परीक्षा कशी होते हे अध्यापकाने जाणून घेऊ नये, हे पटत नाही.

दोन बाटल्यांची हकिगत

प्रस्तुत लेखकाचा एक भाचा फ्रान्समध्ये दिजाँ येथे शिक्षणासाठी होता. डिसेंबर २०२३ मध्ये परत येताना त्याने बर्गंडीतील म्यर्सो गावच्या, प्रमिए क्रु दर्जाच्या पांढऱ्या वाइनच्या दोन बाटल्या आणल्या. विमानप्रवाशाला २ लिटरपर्यंत मद्य सीमाशुल्काविना आणता येते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या त्या मर्यादेत बसल्या. दोन्ही एकाच उत्पादकाच्या, एकाच मळ्यातील, एकाच म्हणजे २०१० सालच्या हंगामाच्या आणि एकाच दुकानातून घेतलेल्या होत्या. उत्पादकाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही.

मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ हा कायदा आजही महाराष्ट्रात वेगळ्या नावाने लागू आहे आणि मद्य बाळगण्यास व सेवन करण्यास परवाना लागतो, ही गोष्ट सहसा विसरली जाते. आम्ही रीतसर परवाने काढले. पहिली बाटली सांगलीत एका नातेवाइकांकडे उघडली. तेथे वनस्पतिशास्त्राचे एक सहकारी आणि तासगावच्या बेदाणा बाजारात चाळीस वर्षे सौदे केलेले एक वयोवृद्ध व्यापारी उपस्थित होते. दुसरी बाटली तीन आठवड्यांनी साताऱ्यात उघडली. दोन्ही वेळी टिपणे ठेवली. पुढील विवेचनात या दोन बाटल्यांचा उल्लेख वारंवार येईल, कारण त्या दोन्ही सारख्या निघाल्या नाहीत.

बर्गंडी म्हणजे काय

बर्गंडी हा पूर्व फ्रान्समधील प्रदेश सुमारे ४७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सांगली साधारण १७ अंशांवर. बोन या गावाच्या दक्षिणेस म्यर्सो, प्युलिन्यी-मोंराशे, शासान्य-मोंराशे ही गावे एकमेकांना लागून आहेत. माती चुनखडीची व चिकण मार्लची. पांढऱ्या वाइनसाठी येथे मुख्यतः शार्दोने हा एकच वाण घेतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून असे दिसले की शार्दोने हा पिनो आणि गुए ब्लाँ या दोन वाणांच्या संकरातून जन्मलेला आहे. यातील गुए ब्लाँ हा मध्ययुगात गरीब शेतकऱ्यांचा, हलका समजला जाणारा वाण होता. वाणांच्या कुळकथा बहुधा अशाच असतात. तासगाव तालुक्यात निवडलेला 'तास-ए-गणेश' हादेखील थॉम्पसन सीडलेस या परदेशी वाणाचाच वंशज आहे.

बर्गंडीत दर्जा उत्पादकाला मिळत नाही, जमिनीच्या तुकड्याला मिळतो. प्रादेशिक, गावाचा, प्रमिए क्रु व ग्राँ क्रु अशी चढती श्रेणी आहे. शेकडो वर्षांच्या निरीक्षणातून हे तुकडे आखले गेले. तेथे त्यांना 'क्लिमा' म्हणतात आणि २०१५ मध्ये युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. नेपोलियनच्या काळातील वारसा कायद्यामुळे जमिनीच्या वाटण्या होत गेल्या. 'क्लो द वूजो' या सुमारे ५० हेक्टरच्या एकाच कुंपणातील मळ्याला आज ८० च्या आसपास मालक आहेत. आपल्याकडे गुंठ्यांत तुटलेल्या सातबाऱ्याकडे पाहून हळहळणाऱ्यांना ही माहिती उपयोगी वाटेल. तेथे तुकडा लहान झाला तरी त्याचे नाव बाटलीवर टिकले.

मुरते कशी, आणि आपली का मुरत नाही

लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, त्याच अर्थाने वाइन मुरते असे म्हणण्यास हरकत नाही. मात्र त्यामागील रसायन निराळे आहे. बर्गंडीत द्राक्षाचा रस सुमारे २२८ लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपात आंबवितात. साखरेचे मद्यार्क झाल्यानंतर दुसरी एक क्रिया घडते. *ओइनोकॉकस ओइनी* हे जिवाणू रसातील तीक्ष्ण मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. दह्याचे विरजण लावणाऱ्या जिवाणूंचेच हे दूरचे भाऊबंद. या क्रियेत डायअॅसिटिल नावाचे संयुग तयार होते. ताज्या लोण्याचा जो ओळखीचा वास, तो मुख्यतः याच संयुगाचा. म्हणून फ्रेंच परीक्षक म्यर्सोच्या वाइनमध्ये 'लोणी' लिहितात तेव्हा ती केवळ कवीची कल्पना नसते. रेणूच तो असतो.

तळाशी साचलेल्या मृत यीस्टच्या गाळावर वाइन कित्येक महिने ठेवतात. गाळ प्राणवायू शोषून घेतो व वाइनला एक भरीवपणा देतो. त्यानंतर बाटली बंद होते, आणि बुचातून अत्यल्प प्रमाणात आत जाणाऱ्या प्राणवायूच्या सान्निध्यात पुढील दहा-पंधरा वर्षे संथ बदल होत राहतात.

या बदलांना तग धरण्यासाठी दोन आधार लागतात : पुरेसे आम्ल आणि गंधक-द्विप्राणिदाचे संरक्षण. आपल्याकडील अडचण पहिल्या आधारात आहे. पक्व होणाऱ्या द्राक्षमण्यात श्वसनक्रिया चालू असते व तीत मॅलिक आम्ल खर्ची पडते. तापमान जितके अधिक, विशेषतः रात्रीचे, तितके हे आम्ल लवकर संपते. बर्गंडीत द्राक्ष सप्टेंबरमध्ये, थंडावत जाणाऱ्या दिवसांत पिकते. सांगलीत एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी असा क्रम आहे. म्हणजे आपला मणी उन्हाळा चढत असताना पिकतो. साखर भरपूर, आम्ल कमी. त्यामुळे उष्ण पट्ट्यातील बहुतांश पांढऱ्या वाइन एक-दोन वर्षांत पिऊन टाकाव्यात अशाच प्रकारे बनवितात. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ताज्या पेरूची तुलना मुरंब्याशी करून पेरूला नापास करणे योग्य नव्हे.

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात अकलूज परिसरात इटालियन भागीदारांसह उभ्या राहिलेल्या फ्रातेल्ली या कंपनीने शार्दोनेची लागवड करून पिंपात ठेवलेली पांढरी वाइनही बाजारात आणली. माणदेशाच्या सीमेजवळ शार्दोने वाढू शकतो, हे त्यातून दिसले. तो बाटलीत पंधरा वर्षे टिकेल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पंधरा वर्षे बाटल्या राखून ठेवणाऱ्यालाच मिळेल.

परीक्षेची रीत

प्रथम तापमान. मुरलेली पांढरी वाइन १२ ते १४ अंश सेल्सियसला प्यावी असा संकेत आहे. घरातील फ्रीज ४-५ अंशांवर असतो आणि इतक्या थंडीत गंध दबतात. म्हणून बाटली अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढावी. पेला वर निमुळता होणारा असावा. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९७७ मध्ये चव-परीक्षेच्या पेल्याचे मानकच ठरवून दिले आहे. पेला तृतीयांशच भरावा.

दुसरी पायरी रंग पाहण्याची, पांढऱ्या कागदावर पेला तिरका धरून. लाल वाइनचा रंग वयाबरोबर फिका होतो. पांढरीचा गडद होतो. तरुणपणी हिरवट झाक, मग गवती पिवळा, मग सोनेरी. तांबूस-करडा दिसू लागला की शंका घ्यावी.

रंगाचा एक धोका मात्र आहे. बोर्दो येथील संशोधकांनी २००१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन गंधहीन रंगाने लाल करूनही दिली. लाल दिसणाऱ्या पांढऱ्या वाइनचे वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केले. शिकलेल्या नाकालाही डोळा फसवितो, याचा हा सज्जड पुरावा होय. हे ध्यानात ठेवून आम्ही सांगलीत पहिली फेरी स्टीलच्या फुलपात्रांतून घेतली. स्टीलमध्ये रंग कळत नाही. शास्त्रोक्त पेल्याइतका गंध त्यात साठत नाही हे खरे, परंतु तळहाताने झाकून ठेवल्यास काम भागते.

तिसरी पायरी हुंगण्याची : आधी न हलविता, मग पेला गोल फिरवून. चवीचे बहुतांश काम येथेच होते. जिभेला मोजक्याच चवी कळतात. बाकी ज्याला आपण 'चव' म्हणतो तो घोट तोंडात असताना घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढणारा गंध असतो. सर्दी झाल्यावर आमटी बेचव का लागते, याचे कारण हेच.

चौथी पायरी घोटाची. लहान घोट, तोंडात फिरवावा, किंचित हवा ओढावी, आणि मग व्यावसायिक परीक्षक तो थुंकून टाकतात. दिवसात पन्नास-साठ वाइन तपासणाऱ्याला गिळणे परवडत नाही. येथे आपला षड्रसविचार उपयोगी पडतो, पण एक सावधगिरी घेऊन. संस्कृतातील 'कटु' म्हणजे मराठीतील तिखट आणि 'तिक्त' म्हणजे मराठीतील कडू. शब्दांची ही अदलाबदल विद्यार्थ्यांना हमखास गोंधळात पाडते. पांढऱ्या वाइनमध्ये अम्ल रस प्रधान असतो, कषाय म्हणजे तुरटपणा अल्प, मधुर जवळजवळ नसतो. द्राक्षातील मुख्य आम्ल टार्टारिक, जे चिंचेतही विपुल असते. फळांच्या जगात ही जोडी दुर्मीळ आहे. चिंचेच्या कोळाशी बालपणापासून परिचय असलेल्या मराठी जिभेला वाइनचे आम्ल ओळखण्यास शिकवणीची गरज पडू नये.

शेवटी घोट गेल्यावर चव किती वेळ रेंगाळते हे मोजतात. फ्रेंचांनी त्यासाठी 'कोदाली' असे एकक केले आहे. एक कोदाली म्हणजे एक सेकंद.

पहिली बाटली : मेथी

सांगलीतील बाटलीचे बूच निघाले तेव्हा काही विशेष जाणवले नाही. फुलपात्रे फिरली. वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांनी 'मध' असे लिहिले, प्रस्तुत लेखकाने 'उकडलेला बटाटा' लिहिले व संकोचाने खोडले. बेदाण्याच्या व्यापाऱ्यांनी फुलपात्र नाकाजवळ नेले, खाली ठेवले आणि म्हणाले, "सर, ह्यात मेथ्या हाईत. आन् माल जुना हाय. कोल्ड स्टोरेजमधनं काढून उन्हाळ्यात बाहीर ऱ्हायलेल्या बेदाण्याला असलाच वास सुटतो."

त्यानंतर वाइन काचेच्या पेल्यात ओतली. रंग गडद, उतरत्या उन्हासारखा तांबूस होता. घोट सपाट होता. आम्ल होते पण एकटे पडले होते, आणि चव चार-पाच सेकंदांत संपली.

व्यापाऱ्यांचे निदान रसायनशास्त्राच्या दृष्टीने किती अचूक होते हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बर्गंडीच्या पांढऱ्या वाइन पंधरा-वीस वर्षे टिकतात असा लौकिक होता. १९९५-९६ च्या हंगामांपासूनच्या बाटल्या मात्र सात-आठ वर्षांतच तपकिरी व निःसत्त्व होऊ लागल्या आणि २००० नंतरच्या काळात हा प्रकार जगभर गाजला. यास 'अकाली प्राणवायूकरण' म्हणतात. विशेष म्हणजे एकाच खोक्यातील एक बाटली उत्तम व दुसरी गेलेली, असे घडते. बोर्दोतील संशोधकांनी अशा वाइनचे विश्लेषण केले तेव्हा तीन संयुगे पुढे आली : मधासारख्या वासाचे फिनाइल-अॅसिटाल्डिहाइड, उकडलेल्या बटाट्याच्या वासाचे मिथिओनल आणि सोटोलॉन. यातील सोटोलॉन हे मेथीच्या दाण्यांचे मुख्य गंधद्रव्य होय. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमपेक्षा कमी प्रमाणातही ते नाकाला कळते.

याचा अर्थ, त्या संध्याकाळी तिघांनी मिळून तिन्ही संयुगे नाकाने टिपली होती, आणि प्रस्तुत लेखकाने आपले टिपण खोडावयास नको होते. पुस्तकी संकोच हा चव-परीक्षेतील मोठाच अडथळा आहे. युरोपीय परीक्षक याच गंधासाठी अक्रोड, करी असे शब्द वापरतात, कारण मेथीचा दाणा त्यांच्या रोजच्या फोडणीत नसतो. या एका गंधाच्या बाबतीत मराठी स्वयंपाकघरात वाढलेले नाक त्यांच्यापेक्षा अधिक तयार आहे.

बेदाण्याचा रंग व वाइनचा रंग

जुन्या बेदाण्याशी केलेली तुलनाही वरवरची नव्हती. बेदाणा करताना द्राक्षघड पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल (म्हणजे मुख्यतः इथाइल ओलिएट) यांच्या द्रावणात बुडवितात, त्यामुळे सालीवरील मेणाचा थर सैल होतो. मग शेडमधील जाळीच्या रॅकवर ते सावलीत वाळवितात. साधारण चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो. सोनेरी रंगासाठी गंधकाची धुरी देतात. वाइनच्या पिंपात जाणारे गंधक-द्विप्राणिद आणि शेडमधील ही धुरी, दोन्हींचे काम एकच : फिनॉल वर्गातील द्रव्यांचे प्राणवायूकरण रोखून तपकिरी रंग न येऊ देणे. हिरवा बेदाणा पिवळा होतो, पिवळा तांबूस होतो, आणि प्रत्येक पायरीवर दर उतरतो. तासगाव-सांगलीच्या परिसरात शीतगृहांचे जे जाळे उभे राहिले त्यामागे रंग राखण्याची ही निकड आहे. २०१६ मध्ये 'सांगली बेदाणा' यास भौगोलिक मानांकन मिळाले.

अकाली प्राणवायूकरणाची कारणे म्हणून बुचांची असमान प्रत, गंधक कमी वापरण्याची लाट, गाळ वारंवार ढवळणे आणि नव्या यंत्रांनी रस फार हळुवार काढणे, अशी अनेक सांगितली जातात. यातील शेवटचे विचार करण्याजोगे आहे. जुन्या पद्धतीत रस पिळताना तो हवेत तपकिरी होई व ती द्रव्ये तळाशी बसून जात. म्हणजे बिघडावयाचे ते आधीच बिघडून बाजूला होई. नव्या स्वच्छ पद्धतीत ती द्रव्ये वाइनमध्येच राहतात व पुढे बाटलीत दगा देतात, असा एक मतप्रवाह आहे. तो सर्वमान्य नाही. एकाच खोक्यातील दोन बाटल्या निराळ्या निघण्याचे स्पष्टीकरण मात्र त्याने होत नाही. तेथे बोट बुचाकडेच जाते.

दुसरी बाटली : कंदी पेढा

साताऱ्यात जानेवारी २०२४ मध्ये उघडलेल्या बाटलीचा रंग मोकळा सोनेरी होता आणि कडेला हिरवट झाक अद्याप शिल्लक होती. तेथे उपस्थित असलेल्यांपैकी एक ज्येष्ठ प्राध्यापक माळकरी आहेत. त्यांनी घोट घेण्यास नम्रपणे नकार दिला, परंतु हुंगण्यास हरकत नसल्याचे सांगून पेला हाती घेतला. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा साताऱ्यात वारकऱ्यांनी त्याविरुद्ध आंदोलन केले होते आणि हे प्राध्यापक त्या भूमिकेशी आजही सहमत आहेत. पुढे तो निर्णय अंमलात आला नाही. मतभेद बाजूला ठेवून त्यांनी पाच मिनिटे पेला हातात धरला. प्रथम "आगकाडी नुकतीच ओढल्यासारखं," असे म्हणाले. थोड्या वेळाने, वाइनला हवा लागल्यावर, "आता कंदी पेढ्याचा वास येतोय, खवा तांबूस होईपर्यंत भाजल्याचा."

आगकाडीचा वास प्राणवायूशिवाय वाढलेल्या वाइनमधील गंधकयुक्त संयुगांचा असतो; बर्गंडीत त्याचे कौतुक होते व तो वाइन शाबूत असल्याची खूण मानला जातो. कंदी पेढ्याचा उल्लेख मात्र कोणत्याही फ्रेंच ग्रंथात सापडणार नाही. तेथे या गंधासाठी भाजलेले हेझलनट, लोण्यात परतलेला पाव असे शब्द येतात. भाजलेल्या ओक लाकडाचा अंश, दूधासारखा लोणकट गंध आणि मुरण्यातून आलेली खमंगपणाची छटा यांचा जो मेळ, त्यास साताऱ्याच्या माणसाने कंदी पेढा म्हणावे हे हेझलनट कधी न पाहिलेल्या वाचकासाठी कितीतरी अधिक नेमके आहे.

घोट घेणाऱ्या आम्हा तिघांची टिपणे अशी : आम्ल ताठ, कैरीपेक्षा चिंचेच्या जवळचे, मध्ये साय, शेवटी अगदी पुसट खारटपणा, रेंगाळणे बारा ते पंधरा कोदाली. गोडवा नसूनही गोडाची आठवण होत राहिली, याचे कारण गंध. राहिलेली वाइन बूच लावून फ्रीजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी ती तशीच होती. तिसऱ्या दिवशी कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास आला.

परीक्षा कोणाच्या हाती

सांगलीकडे पुन्हा वळले पाहिजे. २००१ नंतर उत्पादन शुल्कातील सवलतीमुळे महाराष्ट्रात वाइनचे कारखाने झपाट्याने वाढले. २००८ मधील जागतिक मंदी आणि त्याच वर्षी मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर रोडावलेले पर्यटन यांमुळे मागणी घसरली. टाक्या भरलेल्या राहिल्या, द्राक्ष उचलले गेले नाही, अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा तोडून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. पलूसच्या वाइन पार्कमध्ये अपेक्षित संख्येने कारखाने उभे राहिले नाहीत. या अपयशाची कारणे मुख्यतः बाजारपेठेची आहेत आणि चव-परीक्षेच्या ज्ञानाने मंदी टळली असती असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. तथापि त्या काळात वाइनचे द्राक्ष लावणाऱ्या, प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या शेतकऱ्यांपैकी एकानेही आपल्या द्राक्षाची वाइन चाखलेली नव्हती. माल 'बसला नाही' असे त्यांना सांगण्यात आले; काय बसले नाही, आम्ल की गंध की साखर, हे विचारण्यासाठी त्यांच्याजवळ शब्द नव्हते.

बेदाण्याच्या बाबतीत स्थिती थोडी बरी असली तरी फार नव्हे. सौद्यात मुठीने नमुना उचलावा, पाहावा, उधळावा, ही जुनी रीत आणि तिच्यामुळे होणाऱ्या तुटीबद्दल शेतकऱ्यांची तक्रार सर्वपरिचित आहे. दर रंगावर व मण्याच्या आकारावर ठरतो. गंधाची व चवीची नोंद कोठेही होत नाही, जरी चाळीस वर्षे सौदे केलेल्या व्यापाऱ्याच्या नाकात ती पूर्णपणे असते. सांगलीतून निघताना त्यांनी विचारले, "त्या फ्रान्सवाल्यांनी वासाचं सगळं लिवून ठिवलंय म्हंता. मग आमच्या बेदाण्याचं लिवायला किती दिस लागतील?"

त्या रात्री त्यांच्याकडून बेदाण्याच्या वासाचे अकरा शब्द लिहून घेतले. त्यांतील चार शब्द प्रस्तुत लेखकाला नवे होते. येत्या हंगामात वनस्पतिशास्त्राचे सहकारी व प्रस्तुत लेखक ताजा, शीतगृहात ठेवलेला आणि बाहेर राहिलेला असे तीन नमुने घेऊन त्यांच्याकडे पुन्हा बसणार आहेत. रंग दिसू नये म्हणून फुलपात्रे स्टीलचीच ठेवण्याचे ठरले आहे, आणि झाकण्यांची सोय व्यापाऱ्यांच्या घरून होणार आहे.